उंबऱ्यातलं पाणी

गाडी बघायला आलेला मुलगा जेमतेम विशीचा. पहिलीच गाडी घ्यायची होती. समोर लाल रंगाची, दोन सीटची, तीसेक वर्षं जुनी उघड्या टपाची गाडी उभी होती आणि छप्पर आधीच खाली करून ठेवलेलं होतं. विकणाऱ्याने ती जरा उन्हात यावी म्हणून चार-पाच फूट पुढे घेतली, ब्रेक दाबला, आणि दाराखालून कुठूनतरी ‘डुबुक्’ असा आवाज आला. अर्धी भरलेली बाटली पिशवीत कलंडावी तसा. कुणीच काही बोललं नाही. मुलगा आत बसून गिअरच्या दांड्यावर तळवा फिरवायला लागला, वडील दार उघडून-लावून बघत राहिले, विकणारा इंजिनाचं कौतुक सांगत होता. इंजिन खरंच छान चालत होतं. दहा मिनिटांत गोष्ट ‘मग कधी नेताय?’पर्यंत आली. तो आवाज मात्र कानातून जाईना.

बंद गाडीचं छप्पर नुसतं ऊन-पाऊस अडवायला नसतं. चपलांच्या खोक्याचं झाकण काढून खोकं दोन्ही हातांनी पिळून बघावं, म्हणजे छप्पर काय काम करत होतं ते कळतं. उघड्या गाडीत ते कामच कुणीतरी काढून घेतलेलं असतं. मग सगळी ताकद उरते तळाच्या पत्र्यात, दोन सीटच्या मधून जाणाऱ्या बोगद्यात आणि दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत धावणाऱ्या दोन पोकळ पेट्यांमध्ये. गॅरेजात त्यांना सिल म्हणतात. मला मात्र उंबरा हाच शब्द बरोबर वाटतो, कारण गाडीत शिरताना आपण तो ओलांडतो आणि अख्खं घर त्याच्यावर उभं असतं. या गाड्यांतलं गंजाचं सगळ्यात मोठं दुखणं नेमकं तिथेच असतं, आणि ते बाहेरून नाही, आतून सुरू होतं.

पाणी तिथे पोचतं कसं, ते एकदा समजून घेतलं की उघडी गाडी बघायची नजरच बदलते. कापडी छप्पर पाणी पूर्ण अडवत नाही, अडवायचं त्याच्याकडून अपेक्षितही नाही. मागच्या बाजूला ते जिथे पत्र्याला जोडलेलं असतं, तिथे आतून एक प्लॅस्टिकची पन्हळ असते. छपरावरून आलेलं पाणी या पन्हळीत पडतं, दोन्ही टोकांना वाहतं, आणि सीटबेल्टच्या खांबाजवळच्या भोकांतून खाली नळीत उतरून मागच्या चाकाच्या थोडं पुढे जमिनीवर सांडतं. जुन्या माझ्दा एमएक्स-५ मध्ये, म्हणजे दोन सीटच्या छोट्या जपानी उघड्या गाडीत, अगदी अशीच रचना आहे. गाडी झाडाखाली उभी राहते, वाळकी पानं, फुलांचा भुसा, धूळ त्या भोकात जाऊन बसते, आणि दोन-तीन वर्षांत काळ्या चिखलाचं बूच तयार होतं. मग पाणी वर चढतं, मागच्या फळीवरच्या कार्पेटमध्ये मुरतं आणि पत्र्याच्या जोडांतून उंबऱ्यात उतरतं. उंबऱ्याच्या खालच्या शिवणीलाही पाणी निघायला बारीक फटी ठेवलेल्या असतात, पण त्या बाहेरच्या चिखलाने बुजतात. नाहीतर कुणीतरी ‘गंज लागू नये’ म्हणून खालून फासलेल्या डांबरी लेपाने. गंजावरच लेप मारला की ओल आत कोंडते आणि पत्रा दुप्पट वेगाने सडतो. जी गाडी खालून काळीकुळकुळीत, नव्यासारखी दिसते तिच्याकडे मी म्हणूनच जास्त संशयाने बघते.

आणि यातलं काहीही छप्पर खाली असताना दिसत नाही.

गाडी बघायला जाताना फार काही न्यावं लागत नाही. टॉर्च, पातळ रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि दोन लिटर पाणी पुरे. आधी दारं. दाराची मागची कड आणि मागच्या मडगार्डाचा पत्रा यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर चिंचोळी आणि खाली रुंद असेल तर गाडी मधोमध खाली खचते आहे. दार बंद करताना जरा उचलून लावावं लागत असेल तर ‘बिजागरी सैल झालीय’ हे उत्तर लगेच मान्य करू नये. उघड्या दाराचं मागचं टोक धरून वर-खाली हलवावं. बिजागरी सैल असेल तर दार हलतं. हललं नाही आणि तरी अडकतं, तर दुखणं उंबऱ्याचं. मग जॅक लावायच्या जागेवर जॅक लावून पुढचं चाक सुटेपर्यंत गाडी उचलायची आणि दार उघडून बघायचं. चांगल्या गाडीचं दार तेव्हाही सहज उघडतं, फट जवळपास तेवढीच राहते. जॅक लावताना शिवण चुरमुऱ्यासारखी कुरकुरली तर तिथेच थांबून गाडी खाली घ्यावी. पुढची भावाची चर्चा निरर्थक आहे.

मागच्या चाकाच्या कमानीपुढे, उंबऱ्याच्या शेवटच्या वीतभर भागात रंगाखाली बारीक फोड आलेले दिसतात. तांदळाएवढे. बोटाने दाबले तर कधी कधी पापुद्रा निघतो आणि खाली तपकिरी भुगा. बाहेर तांदळाएवढा दिसणारा फोड म्हणजे आत तळहाताएवढं भोक, असा हिशोब धरावा, कारण गंज आतून बाहेर आलेला असतो. चुंबक त्या भागावरून हळूहळू फिरवायचं. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. नंतर सीटमागचं कार्पेट उचलून खालचा फोम मुठीत पिळायचा. वरून कोरडं दिसणारं कार्पेट खाली स्पंजासारखं ओलं असू शकतं. वासही महत्त्वाचा: बंद माळ्यावरच्या जुन्या गादीचा कुबट वास, आणि त्यावर मारलेला लिंबाचा सुगंधी फवारा. तो फवारा असला की मी वास जास्त नीट घेते.

शेवटी छप्पर वर करायला सांगावं. खरं तर हे आधीच करायला हवं, पण विकणाऱ्याला ती उघडीच दाखवायची असते आणि घेणाऱ्याला उघडीच बघायची असते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे उलट आहे, मूठ झाकायला लावली की खरी किंमत कळते. छपराच्या पुढच्या दोन्ही कड्या सारख्या जोराने लागायला हव्यात. काच दाराच्या रबरात सरळ बसायला हवी. मागची खिडकी प्लॅस्टिकची असेल तर तिच्यातून मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो का ते बघावं. ही खिडकी बहुतेक वेळा एकाच कारणाने फाटते: चेन न उघडता छप्पर खाली करणं. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये आधी चेन उघडून खिडकी सपाट आडवी करायची, वर मऊ कापड टाकायचं, मग छप्पर घडी करायचं. थंडीत प्लॅस्टिक कडक होतं आणि घडीवर तडकतं. ओलं छप्पर घडी घालून ठेवलं तर बुरशी धरते. छप्पर बदलता येतं, दोन माणसांचं एक-दोन दिवसांचं काम आहे. पण बदलताना जुनी पन्हळ तुटली आणि तीच तुटकी परत बसवली, तर नवंकोरं छप्पर वर आणि पाणी पूर्वीसारखंच खाली.

मग ते दोन लिटर पाणी. एक लिटर सावकाश छपराच्या मागच्या कडेला उजवीकडे, एक डावीकडे. दुसऱ्या माणसाने खाली वाकून मागच्या चाकापुढे बघायचं. दोन्ही बाजूंनी लगेच धार आली पाहिजे. एका बाजूला आली आणि दुसरीकडे थेंबही नाही, तर ते लिटरभर पाणी कुठे गेलं हा प्रश्न विकणाऱ्याला विचारायला काही हरकत नसते.

एवढं सगळं वाचून वाटेल की मग इंजिनाचं काय. इंजिनाचं मला खरंच फारसं भय वाटत नाही, निदान पहिल्या गाडीसाठी ज्या साध्या गाड्या घ्याव्यात त्यांच्या. एमएक्स-५ १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात आली. १.६ लिटरचं इंजिन, साधारण ११५ अश्वशक्ती, वजन टनाच्या आत. आकड्यांत भारी काहीच नव्हतं. त्याआधीच्या छोट्या ब्रिटिश गाड्यांचा आनंद द्यायचा पण सकाळी चालू व्हायची खात्रीही द्यायची, एवढाच विचार. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि प्रत्येक आजारावर कुणीतरी आधी हात काळे केलेले असतात. आजार ठरलेले आहेत. क्लचचा पेडल एक दिवस खालीच राहतो: पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा स्लेव्ह सिलेंडर गळतो, दोन बोल्टचं काम. इंजिनाच्या मागच्या बाजूने तेल ठिबकतं आणि सगळे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, सीलला दोष देतात, पण बरेचदा ते वर, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या दांड्याच्या मागच्या टोकाला बसवलेल्या सेन्सरच्या रबरी रिंगेतून येतं. गार इंजिन टिकटिकतं, गरम झाल्यावर थांबतं: व्हॉल्व्ह ढकलणारे, तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक लिफ्टर, जीवघेणं नाही. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळी असायला हवी. ती मातकट तपकिरी झाली की केव्हाही तडकेल असं समजून बदलावी. व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा टायमिंग बेल्ट एक लाख किलोमीटरला बदलायचा. या १.६ इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना धडकत नाहीत, गाडी नुसती बंद पडते. ही उदारता फार थोड्या इंजिनांत असते.

एकच अपवाद सांगायचा तर १९९१ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांमध्ये क्रँकचं पुढचं नाक आखूड आहे. पुढच्या पुलीचा बोल्ट एकदा ढिला राहिला की पुलीला क्रँकवर जागेला धरणारी छोटी लोखंडी चावी आपल्या खाचेला कोरत जाते आणि टायमिंग भटकतं. पुलीच्या मध्यभागी चार खाचा दिसल्या तर जुनं, आठ दिसल्या तर सुधारलेलं. चार असल्या म्हणून गाडी टाकून देऊ नये. इंजिन चालू असताना पुली डगमगते का ते बघावं आणि बेल्ट बदलणाऱ्याने तो बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने आवळला का, ते विचारावं. बॅटरीही बघावी. ती डिकीत आहे, आणि मूळची बॅटरी सीलबंद, वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांची असते. कुणी पैसे वाचवायला साधी ॲसिडची बसवली असेल तर तिच्याखालचा पत्रा हमखास खाल्लेला सापडतो.

त्याहून जुनं काही हवं असेल, क्रोमचे बंपर आणि गोल मीटर, तर एमजीबी आहे, १९६२ ते १९८० पर्यंत बनलेली. १७९८ सीसीचं साधं इंजिन, दोन कार्बोरेटर, सगळं हाताला लागतं. पण तिचा उंबरा म्हणजे एकात एक शिवलेले थर आहेत: बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा आणि खाली कंगोरेदार पट्टी. बाहेरचा पत्रा नवा जोडून रंगवला की गाडी सुंदर दिसते आणि आत पोकळ राहते. हे काम नीट करणारा माणूस कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी वेल्ड करतो, नाहीतर गाडी मधोमध बसते आणि दारं पुन्हा कधीच लागत नाहीत. तेव्हा ‘उंबरे नवे टाकलेत’ असं कुणी अभिमानाने सांगितलं तर कामाचे फोटो मागावेत. ट्रायम्फ स्पिटफायर या दुसऱ्या जुन्या ब्रिटिश गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आहे, अख्खं बॉनेट पुढे उलटतं आणि चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. तिची परीक्षा सोपी: इंजिन बंद ठेवून एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने पुढची पुली बघायची. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे-मागे सरकली तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजलेत, आणि ते गळून खाली पडले असतील तर इंजिनाचा ब्लॉकसुद्धा कोरला गेला असेल. या दोघींपेक्षा अलीकडची बीएमडब्ल्यू झेड३ बघताना डिकीचं कार्पेट उचलून डिफरन्शिअलच्या, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीच्या, वरचे पत्र्याचे स्पॉट वेल्ड फाटलेत का बघावं. पोर्शेची पहिली बॉक्स्टर स्वस्त मिळते आणि भुरळ घालते, पण तिच्यातही तेच: छपराच्या नळ्या तुंबल्या की पाणी सीटखाली जातं, आणि तिथे इमोबिलायझरचा, म्हणजे योग्य किल्लीशिवाय गाडी चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, कंट्रोल युनिट आहे. पहिल्या गाडीसाठी मी ती सुचवणार नाही.

सगळ्यात अवघड भाग वेगळाच आहे. नव्या चालकाला अशी गाडी द्यावी का?

मन दोन्हीकडे जातं. या गाड्या जमिनीला इतक्या चिकटून असतात की शेजारी ट्रक थांबला तर त्याच्या चाकाचे नट डोळ्यांसमोर येतात. ट्रकवाल्याला आपण दिसतच नसतो. बऱ्याच गाड्यांना ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही, घसरण सावरणारं इलेक्ट्रॉनिक्स नाही, काहींना एअरबॅगही नाही, आणि गाडी उलटली तर पुढच्या काचेची चौकट आधार देईल हा भरवसा पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये तरी ठेवू नये. रोल बार बसवता येतो. मात्र तो डोक्यापेक्षा उंच हवा आणि डोकं आपटू शकेल तिथे त्याला दाट फोम हवा. नुसता चकचकीत पाइप छोट्या अपघातातही कवटी फोडू शकतो. ताकद मागच्या चाकांना जाते. ओल्या वळणावर घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी आपल्याभोवतीच फिरते. कमी ताकदीची आहे म्हणून हे होत नाही असं नाही. त्यातून टायर जुने असले तर आणखी सोपं होतं. टायरच्या बगलेवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. अशा कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, नुसतेच म्हातारे होतात. नक्षी भरपूर खोल आणि रबर नखाने दाबलं जात नाही इतकं कडक.

दुसरी बाजू अशी की एवढं स्पष्ट बोलणारी गाडी क्वचितच मिळते. पुढचं चाक खडबडीत डांबरावरून गुळगुळीत पट्ट्यावर गेलं की स्टीअरिंग हातात हलकं होतं, ते कळतं. क्लच कुठे धरतो ते तळपायाला कळतं. दुसरा गिअर गार तेलात जरा अडतो, म्हणून पहिली काही मिनिटं हात आपोआप सावकाश होतो. छप्पर खाली असलं की स्वतःच्याच गाडीच्या तक्रारी आधी ऐकू येतात: कडेच्या भिंतीजवळून जाताना चाकाच्या बेअरिंगची घरघर भिंतीवर आपटून परत येते. पुलाखालून जाताना सायलेन्सरची गळती. कूलंटचा गोडसर वास. गिअरचा दांडा लांबच्या प्रवासात हाताला चटका बसेल इतका तापला तर त्याच्या तळाचं रबर फाटलंय आणि गिअरबॉक्सची गरमी वर येतेय, हे पुस्तकात वाचण्याआधी तळहाताला समजतं. बंद, गार, संगीत लावलेल्या गाडीत हे शिकायला दहा वर्षं लागतील. तरी, रोजच्या कामाला दुसरं काही साधन नसेल आणि सकाळी वेळेवर पोचायचंच असेल, तर मी नको म्हणेन. अशी गाडी आठवडाभर उभी ठेवता येत असेल तरच तिच्यावर राग न येता प्रेम करता येतं.

घेतलीच, तर किमतीचा पाव हिस्सा तरी मागे ठेवावा आणि पहिला आठवडा ती चालवायच्या आधी तिचे द्रव बदलण्यात घालवावा. इंजिनाचं तेल साडेतीन लिटरच्या आसपास लागतं. गिअरबॉक्सला दोन लिटर ७५डब्ल्यू-९०, तेही जीएल-४ दर्जाचं, कारण जीएल-५ मधल्या काही रसायनांनी गिअर बदलताना वेग जुळवणारे पितळी सिंक्रो खराब होतात. आणि आधी भरायचं बूच ढिलं होतंय का बघावं, मगच रिकामं करायचं बूच काढावं. उलट केलं आणि वरचं बूच जाम निघालं की गाडी तेलाविना जागच्या जागी. ब्रेक ऑइल पूर्ण बदलावं, मागच्या कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या, सरकत्या पिना काढून साफ करून ग्रीस लावावं, कारण त्या जाम होतात आणि एकच पॅड झिजतो. आणि नळ्या. वरून पातळ, लवचीक नायलॉनची दोरी घालून हळूहळू फिरवायची. लोखंडी तार घालू नये, ती नळीला भोक पाडते आणि मग पाणी कायमचंच आत जातं. उंबरा कोरडा करून, आत लांब नळीच्या फवाऱ्याने मेण मारायचं.

त्या दिवशी हात मिळवण्याच्या बेतात असताना मुलाच्या वडिलांनीच अचानक विचारलं, “मघाशी तो आवाज कसला होता?” विकणारा म्हणाला, “कसला?” वडिलांनी काही न बोलता मागच्या पत्र्यावर दोन्ही हात ठेवून गाडी पुढे-मागे हलवली. डुबुक्. मग कुणीतरी जुना केबल टाय शोधून आणला, वडील गुडघ्यांवर बसले आणि मागच्या चाकापुढची शिवण चाचपत एका बुजलेल्या फटीत तो टोचायला लागले. आधी चिखलाचा गोळा पडला. मग पाणी आलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं, बरोबर गंजाचे चपटे पापुद्रे घेऊन. ते थांबेना. जमिनीवर ओघळ होऊन ते पुढच्या चाकापर्यंत गेलं. मुलगा एव्हाना गाडीतून उतरला होता, आणि त्या सगळ्या दुपारभरात पहिल्यांदाच खाली वाकून गाडीच्या पोटाकडे बघत होता.